किटलीने वाट सोडली

मित्रांनो, माझ्या तोंडावरचे केस पांढरे झाले आहेत. मागचा एक पाय सकाळी लवकर सरळ होत नाही, आणि मला हाक मारायची तर आता दोनदा मारावी लागते. तरीही कुणी भिंतीवरचा जुंपायचा पट्टा काढला आणि त्याची कडी वाजली, की मी उठून उभी राहते. मी बर्फगाडी ओढणारी कुत्री आहे. ‘होते’ म्हणायला हवे, पण तसे म्हणवत नाही.

माझे नाव किटली. युकॉन नदी जिथे मोठे वळण घेते, त्या रेव्हन बेंड गावात एल्माच्या अंगणात माझा जन्म झाला. आईला पाच पिल्ले झाली. एल्मा त्या वेळी चहा करत होती, म्हणून समोर दिसेल त्या वस्तूचे नाव तिने आम्हाला देऊन टाकले. मी किटली, आणि माझ्या पाठचा भाऊ स्टोव्ह. बाकीची तीन पहिल्याच आठवड्यात थंडीने गेली. उरलो आम्ही दोघे. स्टोव्हचे अंग खरोखरच चुलीसारखे गरम असायचे. मी त्याच्या पोटाशी नाक खुपसून झोपत असे. उणे चाळीसची थंडी पडली तरी मला ती कधी कळली नाही.

एल्मा गावच्या शाळेत स्वयंपाक करायची. शाळा सुटली की ती आणि तिचे चुलते सायलस आम्हा चौदा कुत्र्यांना गाडीला जुंपत. सायलसकाकांचा सगळा जन्म बर्फगाडीवर कुत्र्यांच्या मागे उभे राहण्यात गेला होता. तरुणपणी ते आठवडा आठवडा रानात सापळे बघत फिरत, आणि बरोबर बोलायला कुत्र्यांशिवाय कुणी नसे. त्यामुळे माणसांशी ते कमीच बोलत, आणि बोलले की टोचून बोलत.

“स्टोव्ह नाव ठेवलंस खरं,” ते एल्माला म्हणायचे, “पण लाकडं किती खातो बघ हा! घर रिकामं करील.”

“ओढतो पण तेवढंच, काका.”

“ओढतो ना. म्हणून तर अजून जेवू घालतोय.”

मला सर्वांत पुढे जुंपायचे असे काकांनीच ठरवले. मी दीड वर्षाची असताना एकदा नदीवरून जाताना अचानक थांबले. एल्माने तीनदा हाकारले, तरी मी पाऊल उचलले नाही. पायाखालचा बर्फ पोकळ लागत होता. काकांनी पुढे जाऊन काठी मारली, तर काठी आरपार गेली आणि खालून काळे पाणी वर आले. परत येऊन त्यांनी माझ्या डोक्यावर नुसता हात ठेवला आणि एल्माला म्हणाले, “हिला सांगत नको जाऊस, पोरी. विचारत जा.”

मित्रांनो, ती चार वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षे होती. आम्ही लाकडे ओढली, मूस या रानातल्या मोठ्या हरणाचे मांस ओढले, आजारी म्हातारीला शेजारच्या गावच्या दवाखान्यात पोचवले. वसंतात गावोगावी छोट्या शर्यती व्हायच्या. दोन वेळा आम्ही पहिले आलो, तेव्हा एल्माने बक्षिसातला डुकराच्या मांसाचा तुकडा आधी आम्हाला वाटला आणि उरलेला घरी नेला. मी पुढे, स्टोव्ह थेट गाडीला लागून मागे. मागच्या जागेवर ताकदीचा कुत्रा लागतो, कारण वळणावर गाडीचा सगळा भार त्याच्यावर येतो. आमच्या दोघांमध्ये बारा कुत्री असत. तरी त्याच्या धापांचा आवाज मला वेगळा ओळखू यायचा.

मग नदीतला मासा आटला.

आमच्या नदीत उन्हाळ्याच्या शेवटी एका जातीचा सॅमन मासा येतो. लोक त्याला कुत्र्यांचा सॅमनच म्हणतात, कारण तो वाळवून हिवाळाभर आम्हाला घालायचा ही तिथली रीत. एका वर्षी तो आला नाही. पुढच्या वर्षीही आला नाही. जाळी टाकायला बंदी झाली. मासे धुरवायच्या खोपटातल्या काठ्या रिकाम्या राहिल्या. गावातली अंगणे एकेक करून गप्प झाली. एल्मा आपल्या ताटातले मूसचे मांस आमच्या पातेल्यात टाकू लागली आणि काका ते बघून न बघितल्यासारखे करू लागले.

“किती दिवस असं?” एकदा त्यांनी विचारलेच.

“मासा येईपर्यंत.”

“आणि तोवर तू काय खाणार? बर्फ?”

त्या हिवाळ्यात ग्रँट हॉलिस नावाचा माणूस छोट्या विमानाने आमच्या गावात आला. तो दूर, पक्क्या रस्त्याच्या गावात राहायचा. मोठमोठ्या शर्यतींत धावणारा, नाव असलेला माणूस. त्याने आम्हा सगळ्यांचे पाय चाचपले, मला नदीवरून पळवून पाहिले. शेवटी म्हणाला, “ही आणि तो मागचा दांडगा. दोघं दे. बाकीच्यांना हिवाळाभर पुरेल एवढं कोरडं खाणं पाठवतो.”

एल्माने आम्हा दोघांच्या मानेवर हात ठेवले. मग म्हणाली, “त्यांना वेगळं करायचं नाही.”

“नाही करणार.”

विमानाच्या दारात तिने आम्हा दोघांच्या कपाळाला कपाळ लावले. तिचे डोळे कोरडे होते. मी मात्र पहिल्यांदाच तिच्या हाताला चावले, अगदी हळू, सोडू नये म्हणून. तिने हात काढून घेतला नाही. दार लावायची वेळ झाली तेव्हा काकांनी माझा जबडा सोडवला.

ग्रँटच्या अंगणात ऐंशी कुत्री होती. मित्रांनो, तिथे कुणी आम्हाला मारले नाही, हे आधी सांगते. खाणे मोजून आणि चांगले मिळायचे, पायांना मलम लागायचे, थंडीत गवताचा बिछाना मिळायचा. पण ऐंशी खुंटे होते आणि ऐंशी साखळ्या. शर्यतीचे दिवस संपले की उन्हाळाभर आम्ही त्या साखळीच्या टोकाने गोल गोल फिरत राहायचो. माझ्या खुंट्याभोवती मातीत वाटीसारखा खळगा पडला होता, तो माझ्याही आधीच्या कुत्र्यांनी पाडलेला. ग्रँटने शब्द पाळला, स्टोव्हला माझ्या शेजारच्या खुंट्याला बांधले. पण साखळ्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून त्या आखूड ठेवलेल्या असत. मी पूर्ण ताणून पुढे गेले आणि तोही आला, तरी आमच्या नाकांमध्ये हातभर जागा उरायची. त्या हातभर जागेकडे बघत आम्ही झोपत असू.

आणखी एक गोष्ट तिथे मी पाहिली. ज्यांचे पाय गेले, ज्यांचा वेग गेला, ती कुत्री एखाद्या सकाळी खुंट्यावर दिसत नसत. कुठे गेली ते कुणी सांगत नसे. दुपारपर्यंत त्या खुंट्याला नवे कुत्रे आलेले असे.

रोज वारा सुटला की मी नाक वर करायची. युकॉनचा वास येत नसे. डिझेलचा यायचा, रस्त्याचा यायचा. पण धावायला जुंपले की मी सगळे विसरायची. हे कबूल करायला लाज वाटते, पण खरे आहे. पाठीवर पट्टा आला की मला एल्माचीही आठवण राहत नसे. आमची जातच तशी.

दोन वर्षांनी ग्रँटने आम्हाला समुद्राच्या शर्यतीत उतरवले. डोंगरापलीकडून निघायचे आणि नऊशे मैल तुडवत समुद्रकाठी पोचायचे. चौदा कुत्री, एक माणूस, आणि वाटेत ठिकठिकाणी थांबे. प्रत्येक थांब्यावर जनावरांचे डॉक्टर आम्हाला तपासत. ज्याला पुढे नेण्यासारखे नाही त्याला तिथेच सोडायचे, असा नियम. पहिले सहा दिवस आम्ही वाऱ्यासारखे गेलो. ग्रँट चौथ्या जागेवर होता आणि त्याच्या आवाजात मी कधी न ऐकलेला आनंद होता.

सातव्या दिवशी मला मागून एक नवा आवाज ऐकू येऊ लागला. स्टोव्ह खोकत होता.

थांब्यावरच्या डॉक्टरने त्याची छाती तपासली. “आत्ता तरी आत स्वच्छ वाटतंय,” तो म्हणाला. “पण याच्यावर लक्ष ठेवा. वाढलं तर सोडा त्याला.”

“कोरडी हवा आहे हो,” ग्रँट म्हणाला. “सगळेच खोकतात.”

सगळे खोकत नव्हते. पण स्टोव्हची दोरी कधी सैल पडत नव्हती, आणि माणूस पाहतो ते दोरीकडे. दोरी ताठ असली की कुत्रा ठीक आहे, असे त्याला वाटते. मित्रांनो, माझा भाऊ मरेपर्यंत दोरी ताठ ठेवणाऱ्यांतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीवर उतरलो आणि वारा समोरून आला. त्यात ओल्या लाकडाच्या धुराचा वास होता. जुन्या, कित्येक वर्षे न वापरलेल्या खोपटातल्या माशांच्या तेलाचा वास होता. पुढच्या वळणावर काय आहे ते माझ्या पायांना माझ्याआधी कळले. शर्यतीची वाट रेव्हन बेंडवरूनच जात होती. थांबा शाळेत होता. तिथे सही करून, न थांबता पुढे जायचे, असे ग्रँटने ठरवले होते.

शाळेकडे उजवीकडे वळायचे होते. ग्रँट ओरडला, “उजवी, किटली! उजवी!”

मी डावीकडे वळले.

तो पोकळ बर्फ सोडला, तर एवढ्या वर्षांत मी कधी हुकूम मोडला नव्हता. मागच्या तेरा जणांना काय वाटले ते मला माहीत नाही, पण ते माझ्या मागे आले. ग्रँटने गाडी थांबवायचा लोखंडी आकडा बर्फात रोवायचा प्रयत्न केला, तो रुतला नाही. आम्ही काठ चढलो, काकांच्या लाकडाच्या ढिगाला वळसा घातला आणि एल्माच्या अंगणात जाऊन उभे राहिलो. कुत्र्यांची निजायची रिकामी खोकी बर्फात अर्धी बुडाली होती. जिवंत असे तिथे तीनच म्हातारे कुत्रे होते. ते उभे राहून भुंकू लागले.

एल्मा हात पुसायचे फडके घेऊन दारात आली. माझ्याकडे बघत राहिली.

“किटली?”

मी शेपूट हलवली नाही. हलवायला विसरले.

“माफ कर, एल्मा,” ग्रँट धापा टाकत म्हणाला. “हिच्या डोक्यात काय शिरलं कळत नाही. जरा पुढची दोरी धर, वळवून घेतो. चौथा आहे मी.”

एल्मा माझ्याजवळ आली नाही. ती सरळ मागे, गाडीपाशी गेली. तोवर सायलसकाकाही काठी टेकत बाहेर आले होते.

“हा असा का बसलाय?” तिने विचारले.

“दमलाय. सगळेच दमलेत.”

“दमलेलं कुत्रं कुशीवर पडतं,” काका म्हणाले. “शेपटीत नाक घालतं आणि मेल्यासारखं झोपतं. हा बघ, कोपरं बाहेर काढून बसलाय, मान लांब करून. याला पडवत नाहीये, बाबा. पडला तर श्वास पुरत नाही त्याला.”

“काका, माझं तीस वर्षांचं काम आहे हे.”

“माझं साठ. पण मोजत बसायला वेळ नाही.”

ग्रँटचा चेहरा लाल झाला. “ही माझी कुत्री आहेत, एल्मा. तूच दिलीस ना?”

“दिली,” एल्मा म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही. “म्हणून तर भांडत नाही. तुमची आहेत, तर तुम्हीच ऐका. टोपी काढा आणि इथे कान लावा.”

वाटले, तो आता दोरीला धरून आम्हाला ओढत नेईल. त्याच वेळी खाली नदीवरून आणखी एक गाडी आली आणि शाळेकडे वळली. पाचवा माणूस चौथा झाला. ग्रँटने त्या गाडीकडे पाहिले. मग त्याने टोपी काढली, गुडघ्यांवर बसला आणि स्टोव्हच्या छातीला कान लावला.

तो खूप वेळ तसाच राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या थंडीने पांढऱ्या पडत चालल्या, तरी उठेना. उठला तेव्हा त्याने कुणाकडेच बघितले नाही.

“शिजतंय आत काहीतरी,” तो पुटपुटला. “भांड्यात शिजतं तसं.”

काका टोचून बोलतील असे मला वाटले. पण शाळेतल्या थांब्यावरून डॉक्टरबाईंना बोलावून आणायला ते स्वतःच काठी टेकत गेले.

डॉक्टरबाईंनी सांगितले, न्यूमोनिया. आणखी पुढे नेला असता तर वाटेतच पडला असता. हवा वाईट होती, शहरात नेणारे विमान दोन दिवस येणार नव्हते. एल्मा म्हणाली, तोवर याला घरात ठेवते. ग्रँटने त्याला तिथे सोडल्याच्या कागदावर सही केली आणि स्टोव्हला स्वतः उचलून आत नेले. नंतर त्याने आम्हा सगळ्यांचे पट्टे काढले, पायमोजे काढले, गवत पसरले. आठ तास तो तिथून हलला नाही. प्रत्येकाच्या छातीला कान लावत तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. नदीवरून गाड्या जात राहिल्या.

निघायच्या वेळी तो एल्माला म्हणाला, “स्टोव्ह आता तुझ्याकडेच राहू दे. हिलाही ठेवून घे. पुढे मी दुसरी लावतो.”

मित्रांनो, मला माणसांची भाषा सगळी कळते असे नाही. पण ते वाक्य मला कळले.

एल्माने रिकाम्या खोपटाकडे पाहिले. मग अंगणातल्या तीन म्हाताऱ्यांकडे. मग दाराकडे, ज्याच्या आड स्टोव्ह होता. “तीन तोंडांचंच खाणं आहे माझ्याकडे,” ती म्हणाली. “त्यात चौथा कसाबसा बसवीन, कारण त्याला आता कुणी जुंपणार नाही. हिचे पाय चांगले आहेत. हिला धावू दे. धावली तर हिला पोटभर मिळेल.”

“एल्मा,” काका म्हणाले.

“काका, मला दुसरं सांगू नका.”

ग्रँटने गाडीवर उभे राहून हाकारले, “चल, किटली!”

मी हलले नाही. त्याने पुन्हा हाकारले. तो रागावला नाही, खाली उतरलाही नाही. त्याने एल्माकडे पाहिले. ती माझ्याजवळ आली, कपाळाला कपाळ लावले आणि म्हणाली, “जा.”

त्या दिवशी एकच शब्द मला ऐकायचा नव्हता, आणि तो तिच्याच तोंडून आला. मी गेले. माझ्यामागे बारा जण होते. त्यांच्या धापांत मी नदीभर एक आवाज शोधत राहिले.

आम्ही समुद्रकाठी सतरावे पोचलो.

त्यानंतर ग्रँटच्या अंगणात सगळे बदलले असे सांगितले तर ते खोटे होईल. खुंटे राहिले, साखळ्या राहिल्या. पण त्याने एका माळाला कुंपण घातले आणि उन्हाळ्यात पाळीपाळीने आम्हाला तिथे मोकळे सोडू लागला. सकाळी खुंट्यावरून नाहीशी होणारी कुत्री आता गावातल्या लोकांच्या ओसरीवर, दुकानाच्या दारात दिसू लागली. आणि दर रविवारी एल्माचा फोन झाला की तो माझ्या खोक्यापाशी येऊन बातमी सांगायचा.

“तुझा भाऊ वाचला बरं का.” पुढच्या खेपेला, “तुझा भाऊ खाटेवर झोपतो म्हणे. सायलस म्हातारा जमिनीवर!” मग एकदा, “तुझ्या भावानं आख्खा पाव चोरला.”

चार वर्षे मी रविवारची वाट बघितली. शेजारचा खुंटा त्याने रिकामाच ठेवला होता.

एका रविवारी तो आला, टोपी काढून माझ्याजवळ बसला आणि काहीच बोलला नाही. बातमी नसणे हीही बातमीच असते. मी त्याच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली. काय करणार? त्यालाही कुणीतरी हवे होते.

पुढच्या हिवाळ्यात माझा पाय गेला. एके सकाळी ग्रँटने मला एकटीलाच सोडले आणि मोटारीत बसवले, तेव्हा मला वाटले, झाले, माझीही सकाळ आली. पण त्याने मला विमानात बसवले आणि स्वतःही बसला. खाली ढग फाटले तेव्हा नदीचे ते वळण दिसले.

एल्मा धावपट्टीवर उभी होती. तिचेही केस पांढरे झाले होते. त्या वर्षी थोडा मासा आला होता. फार नाही, पण आणखी एका तोंडापुरता. सायलसकाका आता दारातूनच बोलायचे. मला बघून म्हणाले, “आलीस होय? फार उशीर केलास, बाई. तो रोज संध्याकाळी नदीकडे तोंड करून बसायचा.”

घरात चुलीजवळ एक जुने पांघरूण होते. एल्माने ते धुतलेले नव्हते. मी त्यावर पडले आणि नाक आत खुपसले. दोन दिवस मी उठले नाही, आणि कुणी मला उठवले नाही.

मित्रांनो, तुम्ही बर्फात राहत नाही. तुमच्याकडे गाडी ओढणारे कुत्रे नसेल. पण बैल असेल, घोडा असेल, दाराशी राखण करणारे एखादे कुत्रे असेल. त्याला कामाला लावू नका, असे मी म्हणणार नाही. काम आम्हाला आवडते. मला पुन्हा जुंपले तर या पायावरही मी धावेन. पण आम्हाला थांबायचे कळत नाही. जीव लावून ओढणाऱ्याला ते कधीच कळत नाही. थांबवायचे काम तुमचे. आणि तो ओढेनासा झाला, की त्याच्यासाठी चुलीजवळ थोडी जागा करा. एवढेच माझे मागणे आहे.

या वर्षी समुद्राची शर्यत पुन्हा आमच्या गावावरून गेली. आवाज येताच मी काठावर गेले. चौदा कुत्र्यांची एक गाडी खालून सुसाट गेली आणि मी लंगडत तिच्या बाजूने काठाकाठाने चालू लागले, धावू लागले म्हणा. एल्मा मागून आली. तिने हाक मारली नाही, गळपट्ट्याला हात लावला नाही. गाडी वळणाआड गेली, धापाही ऐकू येईनाशा झाल्या, तरी मी तिथेच उभी राहिले. तीही उभी राहिली, उघड्या डोक्याने, वाऱ्यात. पुष्कळ वेळाने मी वळले, तेव्हाच ती वळली.